देव गप्प असतो तेव्हा

रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावात, ग्रामदेवतेचा मान असलेल्या घरात मी वाढलो. नोकरी शिक्षकाची केली, तीही याच जिल्ह्यात. देवळातलं बोलणं आणि वर्गातलं बोलणं अशी दोन्ही आयुष्यभर कानावर पडत राहिली. दोन्हीकडे एक प्रश्न हटकून येतो. वर्गात मुलं तो धीटपणे विचारतात, देवळात मोठी माणसं चाचरत विचारतात. देव आहे, तर मग बोलत का नाही?

इस्पितळाच्या व्हरांड्यात, पुरानंतरच्या चिखलात, बँकेची नोटीस आलेल्या घरात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारला आहे. वडिलांच्या आजारपणात मी स्वतःच तो रोज विचारत होतो. त्याचं एकदाचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण या प्रश्नासोबत राहता राहता काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या. देवाचं मौन आज ज्यांना जड जातंय, त्यांच्यासाठी त्या लिहून ठेवतो.

१. देवाचं येणं-जाणं असतंच

आमचा ग्रामदेव वर्षभर देवळात असतो, पण घरी येतो तो शिमग्याला. फाल्गुन शुद्ध पंचमी उजाडली की गावोगाव हालचाल सुरू होते. पेटीत जपून ठेवलेली देवांची चांदीची रूपं मानकऱ्यांसमक्ष बाहेर निघतात, उजळली जातात, पालखीत बसतात. वस्त्रं चढतात, ढोलावर टिपरी पडते आणि गाव जागं होतं. कुणाचा तेरसचा शिमगा, कुणाचा भद्रेचा. होळी उभी राहते, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर येते, नाचते, मग वाडीवाडीतून घरोघर निघते. ज्या अंगणात वर्षभर फारसं कुणी फिरकत नाही, तिथे देव येऊन टेकतो. घरची सून ओटी भरते. म्हातारी माणसं पालखीच्या दांड्याला हात लावून मनातलं सगळं सांगून टाकतात. नातीचं लग्न जमत नाही, डोळ्याचं ऑपरेशन आहे, मुंबईतल्या धाकट्याचा फोन येत नाही. थोड्या वेळाने पालखी उठते आणि पुढच्या घराकडे वळते. शेवटी शिंपणं होतं, रूपं उतरतात, पेटी बंद होते.

पेटी बंद झाली म्हणून देव गाव सोडून गेला, असं कुणी म्हणत नाही. चैत्र उजाडला की माणसं आंब्याच्या कामाला लागतात. गणपतीचंही तेच. मातीचा देव आणायचा, पाच-दहा दिवस त्याच्याभोवती घर भरून जाऊ द्यायचं आणि मग आपल्याच हातांनी त्याला पाण्यात सोडायचं.

देव कायम जाणवलाच पाहिजे हा हट्ट माणसाला फार छळतो. जपात मन लागलं तो दिवस देवाचा आणि कोरडा गेला तो दिवस देवाविना, असा हिशेब मांडत बसलं की कोरडे दिवसच जास्त भरतात. देव जाणवणं हा सण आहे आणि सण रोज नसतो. उरलेलं वर्ष मात्र त्याच देवाच्या गावात जातं.

२. कौल पडला नाही, तर एकमेकांशी बोलावं

कोकणात देवाला प्रश्न विचारायची रीतसर सोय आहे. गुरव देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या कळ्या किंवा पाकळ्या लावतो, कुठे तांदळाचे दाणे. गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावागावात पद्धत थोडी वेगळी, पण वाट पाहणं सगळीकडे सारखंच. समईच्या उजेडात त्या एवढ्याशा कळीवर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. कुणी खोकलं तरी बाकीचे वळून बघतात.

आमच्या भावकीत एकदा विहिरीच्या वाटेवरून दोन भावांचं बिनसलं. बोलणं बंद, हळदीकुंकू बंद. दोघेही कौलाला बसले. संध्याकाळ सरली, कळी जागची हलली नाही. एक म्हणाला, उद्या परत लावू. म्हातारा गुरव उठला, हात धुतले आणि म्हणाला, "देव आज बोलत नाय. मंग तुमीच बोला एकमेकांजवळ." दोघे देवळाच्या पडवीत बसले. आधी जुनी उणीदुणी निघाली, आवाज चढले, मग खाली आले. वाट मोकळी झाली ती त्या बोलण्यातून.

माझा कौलावर विश्वास आहे की नाही हा इथे मुद्दा नाही. दुखण्याचा प्रश्न डॉक्टरकडेच न्यावा आणि जमिनीचे कागद तलाठ्याकडे बघावेत, हे मी गावात उघडपणे सांगतो. पण त्या गुरवाचं शहाणपण माझ्यापाशी कायम राहिलं. वरून उत्तर येत नाही तेव्हा पुष्कळदा ते शेजारी बसलेल्या माणसाकडे असतं आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलेलो असतो.

३. दार बंद कुणी केलं, हे आधी बघावं

देव गप्प आहे अशी तक्रार करण्याआधी एक गोष्ट तपासावी. तो गप्प आहे, की त्याच्यापर्यंत जायची वाट आपणच अडवली आहे? चोखोबांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. ज्याच्यासाठी जीव तुटत होता तो विठ्ठल पाचपन्नास पावलांवर होता आणि चोखोबा बाहेर. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांच्या वाट्याला आलेला दुरावा देवाने घातलेला नव्हता. तो माणसांनी घातला होता, आणि वर त्यावर देवाच्या नावाची मोहोर मारली होती.

रत्नागिरीत वरच्या आळीच्या बाजूला पतितपावन मंदिर आहे. शाळेच्या सहलीत मी मुलांना तिथे आवर्जून नेत असे. १९३१ साली ते उघडलं ते सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी, थेट गाभाऱ्यापर्यंत. बांधलं भागोजीशेठ कीरांनी. रत्नागिरीच्या भंडारी समाजातला हा माणूस मुंबईत बांधकामाच्या धंद्यात नावारूपाला आला आणि त्याने आपला पैसा अशा कामी लावला. मागे प्रेरणा होती सावरकरांची. १९२४ ते १९३७ अशी वर्षं ते रत्नागिरीत स्थानबद्धतेत होते. राजकारणाला बंदी होती, तेव्हा त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम उभं केलं. शाळांतून मुलं एकत्र बसावीत, सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं, यासाठी ते झटले.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सावरकर पक्के बुद्धिवादी होते. देव नवसाला पावतो, संकटात धावून येतो, असलं काही त्यांना मान्य नव्हतं. आणि तरीही या गावातलं सर्वांना खुलं देऊळ उभं राहिलं त्यात त्यांचा वाटा मोठा. भाविकांनी बंद ठेवलेलं दार उघडायला देवाची वाट न पाहणारा माणूस पुढे आला. भाविक म्हणवणाऱ्याने यापुढे मान खाली घालून विचार करावा. ज्याला आपण देवाचं मौन म्हणतो त्यातलं पुष्कळसं आपल्याच कडी-कुलपांचं असतं.

४. देवाला सोडून गेलेल्यांचंही ऐकावं

पतितपावनचं दार उघडलं त्या काळात नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० ला तो सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बुद्धाला शरण गेले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, याच रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. आज जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत एका टोकाला ग्रामदेवतेचं देऊळ आणि दुसऱ्या टोकाला बुद्धविहार आहे.

माझ्या शाळेत एक बौद्ध सहकारी होते. मधल्या सुट्टीत चहा पिताना आमचं या विषयावर पुष्कळ बोलणं व्हायचं. एकदा ते म्हणाले, "सर, आम्ही देवाला काही विचारतच नाही. त्यामुळे तो गप्प बसला याचं दुःख आमच्या घरात नसतं. दुःख असतं ते माणसं गप्प बसली याचं." त्यांचं हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

बुद्धाची मालुंक्यपुत्ताची कथा त्यांनीच मला प्रथम नीट सांगितली. जग शाश्वत आहे की नाही, मेल्यावर काय होतं, याची उत्तरं मिळाल्याशिवाय मी साधना करणार नाही, असा या भिक्षूचा आग्रह. बुद्धाने उत्तर दिलंच नाही. विषारी बाण लागलेल्या माणसाने तो कुणी मारला, कुठल्या जातीच्या माणसाने मारला, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असं म्हटलं तर तो मरून जाईल, एवढं त्याने सांगितलं. ते मौन उपचारासाठी होतं.

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यासमोर उभं राहिलं की मला आणखी एक गोष्ट आठवते. ब्रह्मदेशाचा हा बौद्ध राजा १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. याच रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ या काळात थिबाच्या मंडालेत बंदिवान होते. तिथल्या कोठडीत त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं आणि फळाची खात्री नसतानाही कर्म करत राहण्याचा मार्ग मांडला. बुद्धाचं मौन आणि टिळकांचा कर्मयोग एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण दोघांकडून एक गोष्ट घेता येते. उत्तर मिळेपर्यंत हात बांधून बसू नये.

५. देवाशी भांडायला संकोच नको

देवाबद्दल राग आला की भाविक माणूस आधी घाबरतो. असं मनात आणणंसुद्धा पाप, असं त्याला वाटतं. त्याने तुकोबांची गाथा उघडावी. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा धंदा बुडाला, घरात माणसं अन्नावाचून गेली. देवाच्या वाटेला लागल्यावरही सुख चालून आलं नाही. भेट होत नाही, साद ऐकू येत नाही, लोक हसतात. त्या काळातले त्यांचे अभंग वाचताना अंगावर काटा येतो. देवाला ते निष्ठुर म्हणतात, बुडवा म्हणतात, माझ्यापुरता तू संपलास असं म्हणण्यापर्यंत जातात. आणि हे सगळं त्या देवालाच उद्देशून. बोलणं त्यांनी कधी तोडलं नाही.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातल्या संतांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांच्या या काळाकडे विशेष लक्ष वेधलं. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या योहान नावाच्या ख्रिस्ती संताने आत्म्याच्या काळोख्या रात्रीबद्दल लिहिलं आहे. देहूच्या वाण्याने भोगलं ते तेच, असं रानड्यांनी दाखवलं. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली. मरणाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या या बाईला जवळजवळ पन्नास वर्षं देव जाणवलाच नव्हता, हे जगाला तेव्हा कळलं. कोरड लागणं हे कमी श्रद्धेचं लक्षण मानणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

बोलणं थांबवू नये, एवढंच. रागाने बोलावं, रडून बोलावं. जो भांडतो तो अजून नातं धरून आहे.

६. दुसऱ्याच्या दुःखात देवाची वकिली करू नये

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत, घरांत, दवाखान्यांत शिरलं. पाणी ओसरल्यावर मी तिकडे मामींच्या घरी गेलो. ओटीवर घोट्याच्या वर चिखल, भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. फ्रिज आडवा झालेला, धान्याचे डबे फुगून फुटलेले, आणि सगळीकडे तो कुजका वास. आम्ही खोऱ्याने चिखल ओढून घमेल्यात भरून बाहेर टाकत होतो. कोपऱ्यात देव्हारा पालथा पडला होता. माझ्या मामेभावाने चिखलातून एकेक देव उचलला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुळदेवीचा टाक. ते धुवायला तो निघाला तशी मामी म्हणाल्या, "ते घमेल्यात राहू देत. आधी पिण्याच्या पाण्याचा हंडा घास. देव थांबतील."

मामींची देवपूजा मी लहानपणापासून बघत आलो. सोवळं-ओवळं, नैवेद्य, कशात कधी कमी नाही. त्या दिवशी त्यांनी देवाला थांबवलं, आणि त्यात मला जराही अनादर दिसला नाही. घरच्या माणसालाच असं हक्काने थांब म्हणता येतं.

तेवढ्यात मदतीला आलेल्यांपैकी कुणीतरी बोललं, देवाची मर्जी, दुसरं काय. मामींनी हातातला खराटा खाली ठेवला आणि त्या मागच्या पडवीत निघून गेल्या. पुढे बराच वेळ त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

बायबलातल्या ईयोबाच्या कथेत त्याची मुलं, गुरंढोरं, तब्येत सगळं जातं. मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तोवर ते खरे मित्र होते. आठव्या दिवसापासून ते कारणं सांगू लागले. तुझं काहीतरी चुकलं असेल, देव अन्याय करत नाही. कथेच्या शेवटी देव रागावतो तो या वकिलांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं आणि झोपेतली माणसं वाहून गेली. धरण माणसांनी बांधलेलं, त्याची देखभाल माणसांकडे. तिथे देवाची मर्जी म्हणणं हा मेलेल्यांवर अन्याय आहे आणि देवावरही. दुःखातल्या माणसाकडे जावं ते खोरं-घमेलं घेऊन. कारण सांगायला जाऊ नये.

७. न बोलणारा माणूस आणि नसलेला माणूस वेगळे

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गावात गाऱ्हाण्यासाठी प्रसिद्ध होते. उभे राहिले की सहाणेवर शांतता व्हायची. आवाज खणखणीत, एकही नाव सुटायचं नाही. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि नेमकी वाचा गेली. समजत सगळं होतं. डोळे बोलायचे, पण ओठांतून शब्द म्हणून काही निघत नव्हतं. मी देवाकडे मागितलं होतं ते एवढंच. चालणं नको, उठणं नको, एवढा आवाज परत दे. तो परत आला नाही.

सुरुवातीला मी त्यांच्याजवळ बसायला कचरत असे. काय बोलायचं, बोललो तर उत्तर नाही. आई मात्र त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलायची. आज कोळंबी महाग होती, शेजारच्या काजूला मोहोर आलाय, तुमच्या बहिणीचं पत्र आलंय. उत्तरासाठी ती थांबत नसे. बोलून झालं की त्यांच्या पायांना तेल लावायची. हळूहळू मीही तसा बसू लागलो. पेपर वाचून दाखवायचो, कधी नुसताच बसायचो. मग कळू लागलं की या गप्प माणसाने खोली भरलेली आहे. ते जागे असले तर घर एका तऱ्हेचं असे, झोपले की दुसऱ्या तऱ्हेचं.

अण्णा गेले तेव्हा फरक समजला. खाट तीच, खोली तीच, गप्पपणाही वरवर तोच. पण आधीचं मौन होतं आणि आता अभाव होता. हे दोन्ही ज्याने एकाच खोलीत अनुभवलं तो त्यांची गल्लत करणार नाही.

यावरून देव आहे हे सिद्ध होत नाही, आणि मला ते तसं सिद्ध करायचंही नाही. अण्णा डाव्या हाताने माझा हात दाबायचे. देवाने माझा हात दाबला असं मी कुणाला सांगू शकणार नाही. पण उत्तर येत नाही, म्हणून कुणी नाही, हा निष्कर्ष मी आता घाईने काढत नाही. न बोलणाऱ्या माणसाजवळ बसायला ज्याने शिकून घेतलं, त्याला न बोलणाऱ्या देवाजवळही बसता येतं.

८. काही मौनं शिकवणारी असतात

रत्नागिरीहून दक्षिणेला पावस आहे. स्वामी स्वरूपानंद १९०३ साली तिथेच जन्मले. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले, मग मोठं आजारपण आलं, आणि नंतरची सुमारे चाळीस वर्षं ते पावसच्या देसायांच्या घरातल्या एका खोलीत राहिले. १५ ऑगस्ट १९७४ ला तिथेच देह ठेवला. फिरणं नाही, प्रवचनांचे दौरे नाहीत, चमत्कार नाहीत. ज्ञानेश्वरी साध्या माणसाला कळावी म्हणून त्यांनी ती अभंगांतून मांडली. श्वासाबरोबर चालणाऱ्या सोऽहं साधनेत आलेल्याला बसवलं. त्यांना बघितलेली माणसं माझ्या लहानपणी आमच्या घरी यायची. काय बोलले स्वामी, असं विचारलं की बहुतेक जण सांगत, फारसं काही नाही, पण परत येताना मन हलकं होतं.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात बाध्व ऋषींची गोष्ट दिली आहे. ब्रह्म काय ते सांगा, असं बाष्कलीने विचारलं. बाध्व गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. परत परत विचारल्यावर ते म्हणाले, मी सांगतोच आहे, तुला कळत नाही.

दुःखात बुडालेल्या माणसाला मात्र ही गोष्ट ऐकवू नये. त्याच्यासाठी सहावा बोल आहे. पण जीव जरा थाऱ्यावर असेल तेव्हा पावसला जावं, समाधी मंदिरात टेकावं, मोबाइल बंद ठेवावा, दुपारच्या प्रसादाची खिचडी खावी आणि परत यावं. देव बोलत नाही अशी तक्रार करणारा मी स्वतः दिवसभरात किती वेळ गप्प असतो, हे तिथे कळतं.

९. नेम उत्तरावर टांगू नये

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देवळं बंद झाली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्यापर्यंत. पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडली. आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमच्या गावात देवळाला बाहेरून कुलूप होतं, आत गुरव एकटा पूजा करत होता. दिवा, पाणी, फूल. बघायला कुणी नाही, दक्षिणा नाही.

श्रद्धा सगळ्यात जास्त तिथे दिसते, जिथे काही मिळत नसतानाही काम वेळेवर होतं. नेम लहान असावा, पण उत्तरावर अवलंबून नसावा. उत्तर आलं तर दिवा लावीन म्हणणाऱ्याच्या घरात बहुतेक अंधारच राहतो.

१०. मुलांना नवसाआधी गाऱ्हाणं शिकवावं

शिक्षक म्हणून शेवटचा बोल. दहावीचा निकाल जवळ आला की मुलं देवळात येतात. इतके टक्के पडू देत, एवढे नारळ वाढवीन. मार्क पडले तर देव खरा, नाही पडले तर खोटा. या वयात बांधलेला हा सौदा पुढे फार महाग पडतो. पहिल्या मोठ्या दुःखात, आई-वडिलांपैकी कुणी गेलं, नोकरी गेली, मूल आजारी पडलं, की तो सौदा मोडतो आणि माणूस एकदम पोरका होतो. मोडला तो सौदा, पण त्याला वाटतं देवच मोडला.

गाऱ्हाणं वेगळं असतं. आमच्या सहाणेवरचं गाऱ्हाणं नीट ऐका. त्यात एकट्याचं काही नसतं. गावातल्या लेकराबाळांचं, गुरावासरांचं, दर्यावर गेलेल्यांचं, मुंबईला पोटासाठी राहिलेल्या चाकरमान्यांचं, चुकलेल्यांचं, रुसलेल्यांचं, सगळ्यांचं भलं मागितलेलं असतं. प्रत्येक मागणीनंतर भोवतीची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवाने हो म्हटलं का, ते कुणाला ऐकू येत नाही. पण शेजारच्याच्या दुःखाला अख्ख्या गावाने मोठ्याने होकार भरला, हे सगळ्यांना ऐकू येतं. नवसाला देवाचं उत्तर लागतं. गाऱ्हाण्यात उत्तर यायच्या आधीच माणसं एकमेकांना बांधली जातात.

देव बोलेलच, असं मुलांना सांगू नका. बोलत नाही म्हणून तो नाही, असंही सांगू नका. त्यांना सहाणेवर न्या, उभं करा, आणि दुसऱ्यासाठी मोठ्याने मागायला शिकवा. अण्णांची वाचा गेल्यावर गावाने ते काम माझ्याकडे दिलं. दर शिमग्याला मी ते करतो. उत्तर आलं की नाही हे घरी येऊन तपासत बसत नाही. ज्यांची नावं घेतली त्यांच्या दारी वर्षभरात जाऊन येतो.